मी न बांधलेल्या फायली

आमच्या ग्रंथालय सॉफ्टवेअरच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये 'लिब' नावाचं एक फोल्डर होतं. त्यात चार उपफोल्डर होती: ३२ बिट विंडोज, ६४ बिट विंडोज, लिनक्स आणि मॅक. प्रत्येकात एसक्यूलाइट या डेटाबेसची आधीच कंपाइल केलेली, तयार लायब्ररी ठेवलेली होती. एक फाईल अधिकृत संकेतस्थळावरून उतरवलेली, दोन माझ्याच यंत्रांवर बनवलेल्या, आणि चौथी जुन्या प्रकल्पातून उचललेली; तिथे ती कशी आली हे मला आज सांगता येत नाही. आमच्या स्वतःच्या कोडची प्रत्येक ओळ कोणी लिहिली, कधी बदलली, का बदलली, याची नोंद होती. या चार फायलींची कसलीच नोंद नव्हती. आणि वाचकांची वर्गणी, पुस्तकांचे दाखल क्रमांक, रोजची देवघेव असं सगळं याच चार फायलींच्या भरवशावर होतं.

त्या फोल्डरने पुढे जे जे घडवलं ते इथे सांगतो आहे. यातल्या बहुतेक चुका माझ्या आहेत. काही इतक्या साध्या आहेत की त्या कोणी लिहून ठेवत नाही, आणि म्हणूनच नवी मुलं त्या पुन्हा करतात.

डेटाबेस सोबत देण्याचा निर्णय मात्र योग्य होता असं मला अजूनही वाटतं. महाराष्ट्रातली कितीतरी सार्वजनिक ग्रंथालयं लहान गावांत आहेत. तिथे एखादा संगणक असतो, तोही बऱ्याचदा कुणीतरी देणगी म्हणून दिलेला. इंटरनेटचा भरवसा नसतो आणि संगणक सांभाळायला वेगळा माणूस नसतो. अशा ठिकाणी 'आधी डेटाबेस सर्व्हर बसवा, मग आमचं सॉफ्टवेअर टाका' असं सांगणं म्हणजे नकार देणंच. डी. रिचर्ड हिप यांनी २००० साली सुरू केलेला एसक्यूलाइट या गरजेला चपखल बसतो. त्याला सर्व्हर लागत नाही. सगळा डेटा एका फाईलमध्ये राहतो. त्याचा सोर्स सार्वजनिक मालकीचा आहे, त्यामुळे परवाना मागावा लागत नाही. पूर्ण सोर्स 'एसक्यूलाइट३.सी' या एका मोठ्या फाईलमध्ये एकत्र करून मिळतो. ती फाईल आपल्या प्रोग्रामबरोबर कंपाइल करणं इतकं सोपं आहे की तयार फायली गोळा करत बसायचं कारणच नव्हतं. तरी मी त्या गोळा केल्या, कारण त्या दिवशी तेवढाच वेळ वाचला.

कंपाइल केलेल्या फाईलवर ती जिथे बनली त्या यंत्राच्या खुणा राहतात. कुठला प्रोसेसर, कुठली ऑपरेटिंग सिस्टिम, कुठली सी रनटाइम, कंपाइल करताना कुठले पर्याय चालू होते आणि कुठले बंद, हे सगळं तिच्यात गोठलेलं असतं. नाव सारखं, आवृत्तीचा आकडाही सारखा, आणि तरी दोन फायली वेगळ्या वागतात. हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण काम करताना मी ते कधी मनावर घेतलं नाही.

पहिला दणका विंडोजवर बसला. ग्रंथपालांचे फोन येऊ लागले की प्रोग्राम उघडताच 'व्हीसीरनटाइम१४०.डीएलएल सापडत नाही' अशी पाटी येते. ही मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी प्लस प्लसची रनटाइम फाईल. ३२ बिटची लायब्ररी मी व्हिज्युअल स्टुडिओत नेहमीच्या पर्यायांवर बनवली होती, आणि त्या पर्यायांत ही रनटाइम यंत्रावर आधीपासून आहे असं धरलेलं असतं. माझ्या यंत्रावर व्हिज्युअल स्टुडिओच असल्यामुळे ती असणारच. नव्याने विंडोज टाकलेल्या संगणकावर ती असतेच असं नाही. त्यावर दोन सरळ उपाय आहेत: रनटाइमचा भाग लायब्ररीतच स्थिर जोडून घ्यायचा, किंवा मायक्रोसॉफ्टचा अधिकृत रनटाइम संच आपल्या इन्स्टॉलरमधून बसवायचा.

सुरुवातीला मी यातलं काहीच केलं नाही. मी फोनवर सांगत होतो, "मॅडम, नेटवर त्या नावाची डीएलएल शोधा आणि सिस्टिम३२ फोल्डरमध्ये टाका." या सल्ल्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. सुट्या डीएलएल वाटणाऱ्या संकेतस्थळांवरून अनोळखी फाईल उतरवायची आणि ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने ती विंडोजच्या गाभ्यात ठेवायची, हे मी अशा माणसांना शिकवत होतो ज्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता. शिवाय त्याने काम होईलच असंही नव्हतं. ६४ बिट विंडोजमध्ये सिस्टिम३२ या फोल्डरमध्ये ६४ बिट फायली असतात, आणि ३२ बिट फायली सिसवॉव६४ नावाच्या फोल्डरमध्ये असतात. नावं नेमकी उलटी. त्यामुळे कोणी ३२ बिटची फाईल सिस्टिम३२ मध्ये टाकली की आमचा ३२ बिट प्रोग्राम ती पाहतच नसे, आणि दुसरा एखादा ६४ बिट प्रोग्राम तिच्यावर अडखळे. स्थिर जोडणी केल्यावर हे सगळं संपलं. तो बदल करायला एक पर्याय बदलणं एवढंच काम होतं.

लिनक्सवर तीच चूक वेगळ्या रूपात आली. माझ्या यंत्रावर उबुंटू २२.०४ होतं, त्यात ग्लिबसी या लिनक्सच्या सी लायब्ररीची २.३५ ही आवृत्ती. एका ग्रंथालयात उबुंटू १८.०४ होतं, त्यात ग्लिबसी २.२७. तिथे प्रोग्राम सुरू होण्याआधीच थांबला, कारण त्याला ग्लिबसी २.३४ चे शिक्के असलेली फंक्शन्स हवी होती. ग्लिबसी जुन्या प्रोग्रामांना सांभाळून घेते, २.२७ वर जोडलेला प्रोग्राम २.३५ वर चालतो. उलट दिशेने तशी हमी नाही. मला कळत नव्हतं ते हे, की एसक्यूलाइटच्या कोडमध्ये नवीन असं काहीच नव्हतं, मग ही मागणी आली कुठून? २०२१ साली ग्लिबसी २.३४ मध्ये थ्रेडची वेगळी लायब्ररी मूळ लायब्ररीत विलीन केली गेली. त्यामुळे नव्या यंत्रावर जोडणी केली की थ्रेडशी संबंधित कितीतरी जुन्याच फंक्शन्सवर २.३४ चा शिक्का बसतो. कोड जुना राहिला तरी फाईल नवी मागणी घेऊन बाहेर पडते.

यावर मी केलेला उपाय मूळ चुकीहून वाईट होता. माझ्या यंत्रावरची ग्लिबसीच उचलून संचात टाकली आणि प्रोग्रामला ती आधी शोधायला सांगितलं. ग्लिबसी आणि तिला स्मृतीत चढवणारा लोडर ही एकाच आवृत्तीची जोडी असावी लागते. जुना लोडर आणि नवी ग्लिबसी एकत्र आल्यावर प्रोग्राम जागेवरच कोसळला. योग्य रस्ता पायथनच्या लोकांनी कितीतरी आधी आखून ठेवला होता. त्यांनी 'मेनीलिनक्स' नावाचा नियमच केला: तयार फाईल मुद्दाम जुन्या लिनक्सवर बनवायची. पहिला मेनीलिनक्स सेंटओएस ५ वर बेतलेला होता, नंतरचा मेनीलिनक्स२०१४ सेंटओएस ७ वर, म्हणजे ग्लिबसी २.१७ वर. आता आम्हीही जुन्या लिनक्सच्या कंटेनरमध्येच बिल्ड करतो.

इथवरच्या चुकांमध्ये एक गोष्ट बरी होती. प्रोग्राम चालत नव्हता, आणि तो चालत नाही हे सगळ्यांना दिसत होतं. पुढच्या चुकीत प्रोग्राम उत्तम चालत होता आणि आतल्या आत नोंदी बिघडत होत्या.

लिनक्सवरच्या काही ग्रंथालयांतून मधूनच एक संदेश येऊ लागला: डेटाबेस फाईलची रचना बिघडली आहे. कधी फक्त अनुक्रमणिका बिघडलेली असे, कधी देवघेवीच्या नोंदींचा एक तुकडाच वाचता येत नसे. माझं उत्तर ठरलेलं होतं. "लाईट गेली होती का?" ग्रामीण भागात या प्रश्नाचं उत्तर नेहमी 'हो' असंच येतं, कारण लाईट जातेच. त्यामुळे माझा निष्कर्ष दर वेळी खरा ठरत राहिला. मी लोकांना यूपीएस घ्या म्हणून सांगितलं. एका ग्रंथालयाने अनुदानातून कशीबशी तरतूद करून माझ्या सांगण्यावरून यूपीएस घेतला. त्या पैशांत त्यांच्या वाचकांना नवी पुस्तकं मिळाली असती. यूपीएस लावल्यानंतरही फाईल पुन्हा बिघडली. मग त्या ग्रंथपाल बाईंनी मला शांतपणे विचारलं, "सर, आता लाईट गेलेलीच नाही. मग?"

खरं तर मला आधीच शंका यायला हवी होती. मध्येच वीज गेली तरी फाईल शाबूत राहावी यासाठीच एसक्यूलाइट लिहिताना जर्नल ठेवतो. त्याची अशी चाचणी त्याचे कर्ते सतत घेतात. डेटाबेस कसकसा बिघडू शकतो यावर त्यांच्या अधिकृत दस्तऐवजांत एक अख्खं प्रकरण आहे. ते मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचलं, आणि त्यात माझी चूक जवळपास जशीच्या तशी लिहिलेली सापडली: एकाच प्रोग्राममध्ये एसक्यूलाइटच्या दोन प्रती.

आम्ही छापील अहवालांसाठी बाहेरून एक तयार मॉड्यूल घेतलं होतं. त्या मॉड्यूलच्या पोटात एसक्यूलाइटची स्वतःची स्थिर जोडलेली प्रत होती, आणि हे मला माहीत नव्हतं. आमचा प्रोग्राम 'लिब'मधल्या प्रतीने डेटाबेस उघडायचा, अहवालाचं मॉड्यूल आपल्या प्रतीने तीच फाईल उघडायचं, आणि अहवाल छापल्यावर त्याची तारीख त्याच फाईलमध्ये लिहायचं. एक प्रक्रिया, एक फाईल, आणि तिच्यावर लिहिणाऱ्या दोन लायब्ऱ्या.

यात बिघडतं काय, ते थोडं सविस्तर सांगायला हवं. युनिक्स वंशातल्या सिस्टिमवर एसक्यूलाइट फाईलवर पॉझिक्स पद्धतीची कुलपं लावतो. या कुलपांचे दोन नियम विचित्र आहेत. पहिला, कुलूप प्रक्रियेच्या नावाने लागतं, फाईल उघडणाऱ्याच्या नावाने नाही. म्हणून एकाच प्रक्रियेतल्या दोघांची कुलपं एकमेकांना अडवत नाहीत. दुसरा, एखाद्या प्रक्रियेने तीच फाईल कितीही वेळा उघडलेली असो, त्यातलं एक उघडणं जरी बंद केलं तरी त्या फाईलवरची त्या प्रक्रियेची सगळी कुलपं गळून पडतात. एसक्यूलाइटच्या कर्त्यांना हे माहीत आहे. म्हणून एसक्यूलाइट आपल्याजवळ एक यादी ठेवतो: या प्रक्रियेत कुठली फाईल कोणी उघडली आहे, कुलूप कोणाकडे आहे, अजून कोणाचं काम बाकी आहे म्हणून फाईल बंद करायची नाही. ती यादी त्या प्रतीपुरती असते. दोन प्रती म्हणजे दोन याद्या, आणि एकीला दुसरीचा पत्ता नसतो. एकाच दाखल नोंदवहीत दोन कारकून एकाच वेळी लिहीत असावेत आणि दोघांनाही आपण एकटेच आहोत असं वाटावं, तसं आमच्या प्रोग्राममध्ये चाललं होतं. अहवाल छापून झाला की मॉड्यूल फाईल बंद करायचं आणि देवघेवीचं कुलूप निघून जायचं. दोघं एकदम लिहायला गेले तर एकाचं जर्नल दुसऱ्याच्या जर्नलवर पडायचं.

विंडोजवर कुलपं फाईलच्या हँडलला बांधलेली असतात, त्यामुळे तिथे ही आपत्ती येत नाही. माझ्या जवळपास सगळ्या चाचण्या विंडोजवर होत होत्या. म्हणजे ज्या यंत्रावर चूक दिसू शकत नव्हती तिथे मी चाचणी घेत होतो, आणि जिथे ती घडत होती तिथे विजेला दोष देत होतो.

फाईल शाबूत आहे की नाही हे तपासायला एसक्यूलाइटमध्ये 'इंटिग्रिटी चेक' नावाची आज्ञा आहे. बिघडलेल्या फाईलमधून जेवढं वाचवता येईल तेवढं काढायला त्याच्या कमांड साधनात 'रिकव्हर'ही आहे. त्यातून बऱ्याच नोंदी परत मिळाल्या. सगळ्या नाही. एका ठिकाणी ग्रंथपाल बाईंनी कागदी देवघेव नोंदवही बंद केलेली नव्हती, म्हणून तिथलं नुकसान भरून निघालं. माझ्याच सल्ल्याने ज्यांनी ती नोंदवही बंद केली होती त्यांना कोणतं पुस्तक कोणाकडे आहे हे वाचकांना विचारत फिरावं लागलं.

कारण सापडल्यावर मी अहवालाचं मॉड्यूल काढून टाकलं आणि सगळ्या ग्रंथालयांना पत्र लिहिलं, की बिघाड विजेचा नव्हता, आमच्या संचाचा होता. पत्र लिहिताना हात जड झाला होता. पण यूपीएस घ्या असं ठामपणे सांगताना तो जराही जड झाला नव्हता, हेही माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

यानंतरची चूक मराठीशी थेट संबंधित आहे, आणि तिच्याबद्दल कुठल्याच इंग्रजी मार्गदर्शिकेने मला सावध केलं नसतं.

एसक्यूलाइटमध्ये मजकूर शोधायची सोय आहे. ती कंपाइल करताना वेगवेगळे पर्याय निवडता येतात. माझ्या लिनक्स बिल्डमध्ये मी आयसीयू ही युनिकोडची लायब्ररी जोडली होती, त्यामुळे शब्दांच्या सीमा आणि अक्षरक्रम दोन्ही मराठीला साजेसे होते. ६४ बिट विंडोजसाठी मात्र मी अधिकृत तयार डीएलएल उचलली होती, आणि तिच्यात आयसीयू नव्हती. तिथे मी एफटीएस५ या शोधयंत्रणेचा मूळचा टोकनायझर वापरला. त्याचं नाव 'युनिकोड६१', म्हणून मला वाटलं देवनागरी नीट चालणार.

हा टोकनायझर मुळात अक्षरं आणि अंक यांनाच शब्दाचा भाग मानतो. देवनागरीतल्या काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्त यांची युनिकोडमधली वर्गवारी 'अक्षर' नाही, 'चिन्ह' अशी आहे. म्हणून प्रत्येक मात्रा त्याला शब्द तोडणारी जागा वाटते. 'पाणी' या शब्दाचे तो 'प' आणि 'ण' असे दोन तुकडे करतो. 'पुणे' या शब्दाचेही तेच दोन तुकडे होतात. ग्रंथालयात कोणी पाणी या विषयावरची पुस्तकं शोधली की पुण्यावरची सगळी पुस्तकं हजर व्हायची, आणि त्यांच्या जोडीला पाणिनीही. 'संत' शोधलं की 'सीता' यायची. मी ज्या नोंदींवर चाचणी घेतली होती त्या मोजक्या होत्या आणि शोधलेलं पुस्तक यादीत दिसत होतं, म्हणून मी समाधानी होतो. सोबत काय काय येतंय हे मी पाहिलंच नाही. ग्रंथपालांनी पाहिलं, आणि बऱ्याच जणांनी कुरकुर न करता यादीत खाली सरकत हवं ते शोधून घेतलं. संगणकावर मराठी अशीच अर्धवट चालते, हे आपल्या माणसांनी गृहीत धरलेलं असतं. माझ्या सॉफ्टवेअरने त्या समजुतीत भर घातली, हे मला अजून टोचतं.

उपाय टोकनायझरमध्येच होता. कुठल्या वर्गवारीची चिन्हं शब्दाचा भाग धरायची हे त्याला सांगता येतं. त्या यादीत ही चिन्हं घातली की 'पाणी' अखंड राहतं.

अक्षरक्रमाचं दुखणं याहून वेगळं होतं. युनिकोडमध्ये 'ळ' हा 'ल' आणि 'व' यांच्या मध्ये बसतो. मराठी वर्णमालेत तो 'ह'च्या नंतर येतो. म्हणून नुसत्या अंकक्रमाने लावलं तर 'काळ' हा शब्द 'कावळा'च्या आधी येतो, आणि मराठी कोशाच्या क्रमाने खूप नंतर. लिनक्सवरच्या बिल्डने पुस्तकांच्या नावांची अनुक्रमणिका आयसीयूच्या मराठी क्रमाने बांधली होती. ती डेटाबेस फाईल पेन ड्राइव्हवरून विंडोज यंत्रावर नेली की तिथली लायब्ररी म्हणायची, हा क्रम मला माहीत नाही, आणि पुस्तकांच्या यादीवरचं काम थांबायचं. एकच फाईल सगळीकडे चालते, हे एसक्यूलाइटचं आश्वासन खरं आहे. मी वेगवेगळ्या पर्यायांच्या लायब्ऱ्या वाटून ते मोडलं होतं. क्रम बदलला की जुनी अनुक्रमणिका खोटी ठरते, हा धोका मोठ्या डेटाबेसनाही चुकलेला नाही. २०१८ साली ग्लिबसी २.२८ ने अक्षरक्रमाचे नियम बदलले, तेव्हा तो क्रम वापरणाऱ्या पोस्टग्रेएसक्यूएलच्या मजकुरावरच्या अनुक्रमणिका नव्याने बांधाव्या लागल्या.

मॅकवर आमचे वापरणारे थोडे होते, म्हणून तिथली गोष्ट छोटी. माझ्या लायब्ररीच्या आत तिच्या अवलंबनांचा पत्ता माझ्या यंत्रावरच्या होमब्रू या पॅकेज साधनाच्या फोल्डरचा लिहिलेला होता. दुसऱ्या मॅकवर तो पत्ता नसतो. ॲपलच्या नव्या एम मालिकेच्या यंत्रांवर तर होमब्रूचं मूळ फोल्डरच वेगळं आहे. पत्ता दुरुस्त केला, पण फाईलवर आधी सही केली होती, आणि बदल केल्यावर ती सही बाद झाली. अशी फाईल नवं मॅक उघडू देत नाही. आधी पत्ते दुरुस्त करायचे, मग आतल्या फायलींवर सही, शेवटी बाहेरच्या वेष्टनावर, असा क्रम पाळावा लागतो.

सुरक्षेच्या बाबतीत मी अधिक बेफिकीर होतो. डिसेंबर २०१८ मध्ये एसक्यूलाइटमधली 'मॅगेलन' नावाने ओळखली गेलेली त्रुटी जाहीर झाली. टेन्सेंटच्या संशोधकांनी ती शोधली होती, ती मजकूरशोधाच्या भागात होती, क्रोमियम ब्राउझरलाही तिने गाठलं होतं, आणि ३.२६.० या आवृत्तीवर जा असा सल्ला होता. लिनक्सच्या वितरणांनी आपापल्या प्रती दुरुस्त केल्या. पण आमचे वापरणारे सिस्टिमची प्रत वापरतच नव्हते. ते आम्ही सोबत दिलेली प्रत वापरत होते, आणि ती दुरुस्त करायला जगात आमच्याशिवाय कोणी नव्हतं. मी 'लिब' फोल्डर उघडलं तेव्हा कुठल्या फाईलची आवृत्ती कोणती हेही मला सांगता येईना. चारही वेगवेगळ्या निघाल्या. लायब्ररी सोबत देऊ नका, सिस्टिमचीच वापरा, असा आग्रह लिनक्स वितरणांची मंडळी धरतात तो याचसाठी. आमच्यासारख्यांना तो पाळता येत नाही, पण त्यामागची काळजी उचलणं आपल्यावर येतं, हे मी मानायला उशीर केला.

मोठ्या ग्रंथालयांसाठी आम्ही सर्व्हरवरचा डेटाबेस जोडायची सोय केली, तेव्हा हाच निष्काळजीपणा पुढे चालू राहिला. पोस्टग्रेएसक्यूएलची जी क्लायंट लायब्ररी सोबत दिली ती १० च्या आधीची होती. पोस्टग्रेएसक्यूएल १४ पासून नव्या पासवर्डांसाठी स्क्रॅम ही पद्धत मूळचीच झाली, आणि जुन्या लायब्ररीला ती कळत नाही. ज्या ग्रंथालयाने शहाणपणाने सर्व्हर अद्ययावत केला, तिथेच आमचा प्रोग्राम आत शिरेना. मायएसक्यूएल ८ च्या बदललेल्या पासवर्ड पद्धतीनेही असंच झालं. त्याहून गंभीर चूक परवान्याची होती. एसक्यूलाइटला परवाना लागत नाही, त्या सवयीने मी मायएसक्यूएलची क्लायंट लायब्ररीही आमच्या बंद सोर्सच्या संचात तशीच टाकली. ती जीपीएलखाली मिळते. बंद सॉफ्टवेअरबरोबर वाटायची तर व्यावसायिक परवाना घ्यावा लागतो. आम्ही तो घेतलेला नव्हता. म्हणजे दुसऱ्याने खुलेपणाने दिलेलं काम मी त्याच्या अटी न वाचता वाटत होतो. लक्षात आल्यावर ती काढून एलजीपीएल परवान्याची मारियाडीबीची क्लायंट लायब्ररी घेतली, आणि तिच्या अटी वाचून त्याप्रमाणे ती वेगळी डीएलएल म्हणून, परवान्याच्या मजकुरासह देऊ लागलो.

आता 'लिब' फोल्डर राहिलेलं नाही. एसक्यूलाइटचा सोर्स, त्याची आवृत्ती आणि कंपाइलचे पर्याय एकाच ठिकाणी लिहिलेले आहेत, आणि चारही मंचांसाठीच्या फायली त्यातूनच बनतात. कुठलीही फाईल माझ्या यंत्रावर बनून थेट ग्राहकाकडे जात नाही. प्रोग्राम सुरू होताना लायब्ररीला तिची आवृत्ती आणि तिचे कंपाइल पर्याय विचारतो, आणि ते अपेक्षेपेक्षा वेगळे निघाले तर डेटाबेसला हात न लावता थांबतो. चाचणीच्या नोंदींत 'पाणी', 'पुणे', 'संत', 'सीता', 'काळ', 'कावळा' हे शब्द कायमचे आहेत. चाचणीसाठी आम्ही जुनी, मुद्दाम काहीही न टाकलेली यंत्रं ठेवली आहेत. हे काम कंटाळवाणं आहे आणि कोणाला दिसत नाही. माझ्या मते या धंद्यातलं सगळ्यात प्रामाणिक काम हेच आहे.

तुम्ही असं काही बनवून लोकांच्या हाती देत असाल, तर माझी विनंती आहे: आज आपल्या संचातली प्रत्येक तयार फाईल समोर घ्या आणि ती कुठून आली, कुठल्या आवृत्तीची आहे, कुठल्या पर्यायांनी बनली आणि कुठल्या परवान्याखाली आहे, हे तिच्यासमोर लिहा. ज्या फाईलबद्दल लिहिता येणार नाही ती काढून टाका. बाहेरून घेतलेल्या मॉड्यूलमध्ये एसक्यूलाइटची लपलेली प्रत आहे का हे पाहणं अवघड नाही. डेटाबेस फाईलच्या सुरुवातीला 'एसक्यूलाइट फॉरमॅट ३' हे शब्द रोमन लिपीत असतात, आणि ते लिहिणारी प्रत ते शब्द आपल्याही पोटात बाळगते. मॉड्यूलच्या फाईलमध्ये ते शोधा. सापडले, तर तुमच्या प्रोग्रामची आणि त्या मॉड्यूलची एकाच डेटाबेसशी गाठ पडू देऊ नका. आणि एखाद्या गावाहून फाईल बिघडल्याचा फोन आला, तर लाईट गेली होती का हे विचारण्याआधी ही तपासणी करा.